आपण कोणाचे, आणि आपण कोण?

लष्करातल्या जुन्या मराठी घरी नवखा पाहुणा आला, की पाण्याचे तांब्याभांडे पुढे ठेवता ठेवता घरातले वडीलधारे माणूस एकच प्रश्न विचारते, ‘आपण कोणाचे?’ या प्रश्नात नाव विचारलेले नसते. नाव तर आधीच सांगून झालेले असते. कोणत्या घराण्याशी तुमचे नाते, पणजोबा कोणत्या पागेत होते किंवा कोणत्या खात्यात, आजोळ उज्जैनचे की इंदूरचे, हे सारे त्या दोन शब्दांत विचारलेले असते. धागा जुळला की विचारणाऱ्याचा चेहरा खुलतो, चहाबरोबर चिवड्याची बशीही बाहेर येते, आणि पाहुणा परका राहत नाही. परमुलखात दोनशे वर्षे टिकून राहिलेल्या समाजाने आपली माणसे ओळखण्याची ही रीत पाडली, आणि ती मायेची आहे यात संशय नाही.

मात्र या प्रश्नाचा शेवटचा प्रत्यय गळून पडला, की जो प्रश्न उरतो तो फार निराळा आहे. ‘आपण कोण?’ संतांनी, नाथपंथीयांनी आणि वेदान्त्यांनी जन्मभर विचारला तो हा प्रश्न. आत्मज्ञान, आत्मबोध, साक्षात्कार अशी मोठमोठी नावे ज्याला आहेत, तो विषय मुळात एवढाच आहे. तो गुहेत बसणाऱ्यांचा आहे. भाजी आणणाऱ्या आणि विजेचे बिल भरणाऱ्या संसारी माणसाचा त्याच्याशी संबंध नाही, असे आपण धरून चालतो. मला तसे वाटत नाही. उलट ग्वाल्हेरच्या मराठी माणसाच्या तर हा प्रश्न अगदी उंबऱ्यापर्यंत येऊन उभा आहे, असे मला अलीकडे वाटू लागले आहे.

आपल्या गावातली नावेच पाहावीत. १८१० साली दौलतराव शिंद्यांच्या फौजेचा तळ किल्ल्याच्या पायथ्याशी पडला आणि त्या तळाचेच शहर झाले, म्हणून त्याचे नाव लष्कर. कंपू म्हणजे कँप. जिन्सी हा तोफखान्याचा शब्द. फालके बाजार, चिटणीसांची गोठ, शिंद्यांची छावणी, अशी नावे घेत आपण रोज रिक्षा ठरवतो. यांतले प्रत्येक नाव कोणाच्या तरी हुद्द्यावरून, नाहीतर फौजेवरून पडलेले आहे. पुढे १९४८ साली संस्थान मध्य भारतात गेले, १९५१ च्या कायद्याने जहागिऱ्या संपल्या, १९५६ साली मध्य भारत मध्य प्रदेशात विलीन झाला आणि १९७१ साली राजेलोकांचे तनखेही बंद झाले. एका माणसाच्या हयातीत हे सारे घडले. फौज गेली आणि गोठी राहिल्या. खाती गेली आणि आडनावे राहिली.

आमच्या घरी पत्र्याची एक पेटी आहे. तीत पणजोबांची शिंदेशाही पगडी आहे, मोडीतले काही कागद आहेत आणि एका दरबाराचा पिवळा पडलेला फोटो आहे. मोडी वाचणारे आता घरात कोणी नाही. पगडी कोणाच्याच डोक्याला नीट बसत नाही. लग्नकार्यात फोटोपुरती ती बाहेर निघते आणि पुन्हा डांबराच्या गोळ्यांत जाऊन पडते. घरातली पुढची पिढी पुण्याला, बंगळुरूला, काही साता समुद्रापलीकडे. तिथे त्यांना ‘आपण कोणाचे’ असे कोणी विचारीत नाही, ‘कंपनी कोणती’ असे विचारतात. पणजोबा दरबारात कोणाच्या रांगेत उभे राहत हे ज्या अभिमानाने सांगत असतील, त्याच अभिमानाने पणतू कंपनीचे नाव सांगतो. आणि एखाद्या शुक्रवारी त्या कंपनीने नोकरकपातीचे पत्र हाती ठेवले, की १९४८ सालच्या सरदारासारखाच तोही घरी येऊन गप्प बसतो. नोकरी गेल्याचे दुःख खरेच असते. पण त्याहून खोल भय असते ते हे, की आता ‘मी’ म्हणून काय सांगायचे?

या बाबतीत आपल्या घरच्या बायका पुरुषांहून शहाण्या, असे माझे निरीक्षण आहे. माझ्या आत्याचे माहेरचे नाव एका नदीचे होते, सासरचे एका देवीचे. लग्नाच्या मांडवात ताटातल्या तांदळांवर अंगठीने नवे नाव लिहिले गेले आणि अठरा वर्षांची ओळख पाच मिनिटांत पुसली गेली. मी तिला एकदा विचारले होते, ‘आत्या, तुला स्वतःला कोणत्या नावाने हाक मारावीशी वाटते?’ ती तांदूळ निवडीत होती. म्हणाली, ‘स्वतःला कोण हाक मारतो रे? हाक दुसऱ्याला मारायची असते.’ तिने तत्त्वज्ञान म्हणून हे सांगितले नव्हते. पण नाव बाहेरच्यांच्या सोयीसाठी असते आणि आत जो कोणी आहे त्याला नाव लागत नाही, ही गोष्ट ज्या बाईचे नाव एकदा बदलले तिला ग्रंथ न वाचता कळलेली होती. त्या रीतीत स्त्रीवर अन्याय होता हे खरेच. पण त्या अन्यायातूनही तिने जे ओळखले ते खोटे ठरत नाही.

आता ज्यांच्याविषयी लिहावे म्हणून लेखणी हाती घेतली, त्यांच्याकडे येतो. सोहिरोबानाथ आंबिये हे नाव आपल्यापैकी पुष्कळांनी भजनात ऐकले असेल. त्यांचे हरिभजनाचे पद पंडित जितेंद्र अभिषेकींनी गायिले आणि ते घरोघर पोचले. हे सोहिरोबा मूळच्या गोव्यातल्या पेडण्याकडच्या घराण्यातले. जन्म १७१४ सालचा. वास्तव्य सावंतवाडी संस्थानातल्या बांदे गावी. घरात कुलकर्णीपण होते, म्हणजे गावाचे दप्तर त्यांच्या हाती. कुलकर्ण्याचे काम काय, हे आपल्या वाचकांना सांगणे नलगे. कोणाच्या नावावर किती जमीन, कोणाकडून किती येणे, वसूल किती, बाकी किती. सारे गाव त्याच्या वहीत नावानिशी मांडलेले असते. दुसऱ्यांचे ‘माझे’ आणि ‘तुझे’ नेमके लिहून ठेवणे, हीच त्याची रोजी.

परंपरा असे सांगते, की वयाच्या पस्तिशीच्या सुमारास सोहिरोबांना सावंतवाडी दरबाराचे बोलावणे आले. तिकडे जाताना इन्सुलीच्या रानात ते फणस फोडून खायला बसले, तोच एक नाथयोगी पुढे येऊन उभा राहिला. सोहिरोबांनी आपल्यातले गरे त्याला दिले, आणि त्याने त्यांना उपदेश केला. हा योगी म्हणजे गहिनीनाथ, अशी भक्तांची श्रद्धा आहे. दरबाराला जायला निघालेला कुलकर्णी दरबारचा राहिला नाही. दप्तर त्यांनी सोडले आणि पुढे ‘सिद्धान्तसंहिता’, ‘अक्षयबोध’, ‘पूर्णाक्षरी’, ‘अद्वयानंद’, ‘महदनुभवेश्वरी’ असे ग्रंथ लिहिले. गोव्यात पेडणे तालुक्यात विर्नोड्याच्या सरकारी महाविद्यालयाला आज त्यांचे नाव आहे.

सोहिरोबांच्या त्या प्रसिद्ध पदात दिव्याची उपमा आहे. तिचा अर्थ मी माझ्या शब्दांत सांगतो. ज्ञानाचा दिवा कुठून आणायचा नाही, कोणाकडून लावूनही घ्यायचा नाही. तो आत तेवतोच आहे. आपले काम तो मालवू न देण्याचे. आत्मज्ञान म्हणजे काहीतरी नवे मिळवायचे आहे, ही आपली समजूत इथे पार उलटते. आपण आयुष्यभर मिळवण्याचीच सवय लावून घेतलेली असते. पदवी मिळवली, नोकरी मिळवली, मग ओघानेच मोक्षही मिळवायला निघतो. हिशेबाची वही ज्यांनी वर्षानुवर्षे लिहिली, त्या माणसाने मात्र हा जमेचा विषय नाही असे सांगितले आहे. नावावरचे एकेक येणे खोडीत जावे आणि खोडता न येणारी बाकी काय राहते ते पाहावे, असा हा हिशेब आहे.

मग दिवा मालवतो कशाने? त्याचे उत्तर सोहिरोबांच्या चरित्रातल्या ग्वाल्हेरच्या प्रसंगात मिळते, आणि आपल्या गावाचा या कथेशी संबंध येतो तो इथेच. साठीनंतर ते उत्तरेकडे निघाले आणि हिंडत महादजी शिंद्यांच्या छावणीत ग्वाल्हेरास आले. महादजींचे सेनानी जिवबादादा बक्षी हे गोव्याकडच्या केरी गावचे. आपल्या मुलखातला साधुपुरुष आला म्हणून त्यांनी महादजींची गाठ घालून दिली. महादजी स्वतः भाविक आणि भजनाचे वेडे, पदे रचणारे. त्यांनी आपली कविता सोहिरोबांपुढे ठेवली आणि अभिप्राय विचारला. दिल्लीची पातशाही ज्याच्या शब्दावर चालते तो पुरुष समोर बसला आहे, आणि एका फाटक्या गोसाव्याला दोन बऱ्या शब्दांची भीक मागतो आहे, असा तो प्रसंग. सोहिरोबांनी वाहवा केली नाही. महादजींच्या कपाळाला आठ्या पडल्या, तेव्हा अवधूताला कोणाची गरज नसते अशा अर्थाचे उत्तर त्यांनी हिंदीतून पदातच दिले आणि ते उठले, असे सांगतात.

ही कथा सहसा सोहिरोबांच्या निर्भयतेची म्हणून सांगितली जाते. मला तीत महादजी अधिक जवळचे वाटतात, कारण आपण सारे त्यांच्याच जागी बसलेले असतो. या थोर पुरुषाच्या ठायीही ‘मी कोण’ याची ओढाताण होती. १७८४ साली पातशहाकडून वकील-इ-मुतलक ही सर्वोच्च पदवी आली, तरी त्यांना ‘पाटील’ म्हणवून घेणेच आवडे. १७९२ साली पुण्यात सवाई माधवरावांपुढे त्यांनी बगलेतल्या बासनातून नवे जोडे काढून ठेवले आणि वडिलांचे हेच काम आपले, असे म्हटले. इंग्रज इतिहासकारांनी यात राजकारणी नम्रता पाहिली. असेलही; मनातले कोणी पाहावे? पण पदवी मिरवली तरी ती पांघरूणच, आणि पाटीलकी मिरवली तरी तेही पांघरूणच. नम्र म्हणवून घेण्यातही एक ‘मी’ दबा धरून बसतो. कविता दाखवून वाहवेची वाट पाहणारा तो हाच.

आपल्या घरात हे रोज घडते. भाजी चांगली झाली असे कोणी म्हटले नाही म्हणून सुगरणीचा दिवस वाया जातो. व्याख्यानाला टाळ्या कमी पडल्या म्हणून वक्त्याला झोप लागत नाही. देवळाच्या देणगीच्या पाटीवर नाव तिसऱ्या ओळीत आले म्हणून देणगी देणारा खट्टू होतो. भाजी तीच, व्याख्यान तेच, देणगी तीच. दिव्यावर झाकण पडते ते या ठिकाणी. म्हणून मला वाटते, ज्याला स्वतःचा शोध घ्यायचा आहे त्याने हिमालयाचा विचार पुढे ढकलावा आणि आधी आपण कोणाच्या वाहवेची वाट पाहतो आहोत ते शोधावे. तो शोध पानावर बसल्या बसल्या घेता येतो.

महादजींविषयी आणखी एक गोष्ट सांगितलीच पाहिजे, नाहीतर त्यांच्यावर अन्याय होईल. हा मराठा सेनापती बीडच्या मन्सूरशाह या सूफी फकिराला गुरू मानीत असे, आणि शिंदे घराण्याच्या गोरखीतल्या देवघरात मन्सूरशाहांचे स्थान आजही आहे. कोण कोणाचा, हे जन्माने ठरते अशी ज्या काळाची समजूत होती, त्या काळात त्यांनी गुरू निवडताना ते विचारले नाही. आपल्या गावाला हे पाणी जुनेच आहे. हजिऱ्याला ज्यांच्या मकबऱ्याच्या आवारात तानसेन विसावला आहे, त्या महंमद गौसांनी सोळाव्या शतकात ‘अमृतकुंड’ या योगावरच्या ग्रंथाचे ‘बह्र-उल्-हयात’ हे फारसी रूप तयार केले. श्वास, आसने आणि ध्यान हा त्याचा विषय. तानसेन समारोहाचा प्रारंभ ढोलीबुवांच्या हरिकथेने आणि मिलादने होतो, हे आपण थंडीत कुडकुडत ऐकलेले आहे. त्या सकाळी शेजारी बसलेल्याला ‘आपण कोणाचे’ असे विचारण्याचे आपल्याला सुचत नाही, कारण ऐकताना तेवढा वेळ आपणही कोणाचे नसतो.

सोहिरोबांनी दप्तर सोडले. तर मग आपणही सोडावे काय? या प्रश्नाचे उत्तर त्यांच्याच मुलखाशी नाते असलेल्या दुसऱ्या एका नाथपरंपरेतल्या पुरुषाच्या चरित्रात आहे. मारुती शिवरामपंत कांबळी, पुढे निसर्गदत्त महाराज म्हणून जगाला माहीत झाले ते. जन्म मुंबईचा, १८९७ चा. बालपण मालवणजवळच्या कांदळगावात. मुंबईला खेतवाडीत त्यांचा विडीतंबाखूचा धंदा होता. १९३३ साली एका स्नेह्याने त्यांना इंचगिरी संप्रदायाच्या सिद्धरामेश्वर महाराजांकडे नेले. गुरूने सांगितले ते थोडे होते: ‘मी आहे’ एवढ्या जाणिवेला धरून राहा, तिच्यापुढे काही जोडू नकोस. १९३६ साली सिद्धरामेश्वर गेले. त्यानंतर कांबळी घरदार सोडून उत्तरेकडे निघाले. पण वाटेत एका गुरुबंधूची गाठ पडली आणि निःस्पृहपणे संसार करणे हेच अधिक खरे, असे ठरवून ते परत फिरले. मागे धंदा बहुतेक बुडाला होता. उरलेल्या छोट्या दुकानात बसून त्यांनी विड्या विकल्या आणि संसार चालविला. पुढे खेतवाडीतल्या त्याच घराच्या पोटमाळ्यावर देशोदेशींची माणसे येऊन बसू लागली. महाराज साध्या बोलीतल्या मराठीत बोलत. त्या संवादांचे इंग्रजी पुस्तक १९७३ साली निघाले आणि जगभर गेले. १९८१ साली ते गेले.

ते पुस्तक सिद्ध करणारे गृहस्थ मॉरिस फ्रीडमन, मूळचे पोलंडचे, व्यवसायाने इंजिनिअर. संस्थानी वाचकांना त्यांची दुसरी ओळख अधिक आवडेल. साताऱ्याकडच्या औंध संस्थानचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी १९३९ साली आपण होऊन राज्याधिकार प्रजेच्या हाती दिले. गांधीजींच्या सल्ल्याने झालेल्या त्या प्रयोगात फ्रीडमन यांचा मोठा वाटा होता. इतरांची राज्ये काळाने घेतली. या राजाने मागणी होण्याआधी देऊन टाकले. गादी उतरवून ठेवता येते आणि माणूस तरीही उरतो, हे ज्याने औंधला जवळून पाहिले होते, त्यालाच विडीच्या दुकानदाराचे बोलणे लिहून घ्यावेसे वाटले, यात मला संगती दिसते.

निसर्गदत्तांच्या गुरूने जे सांगितले ते करून पाहण्यासारखे आहे, आणि त्याला खर्च नाही. सकाळी जाग येते तेव्हा क्षणभर आपण नुसते असतो. अमक्याचा मुलगा, तमक्या खात्यातला निवृत्त, गुडघ्यांचा रोगी, हे सारे मागाहून एकेक करून येते, खुंटीवरचे कपडे अंगावर चढवावेत तसे. कपडे घालू नयेत असे कोणी सांगत नाही; बाड्यावर जायचे तर ते हवेतच. अंगावर चढवलेले ते कपडे आहेत, कातडी नव्हे, एवढे ध्यानात राहिले तरी पुष्कळ. मग कोणी अपमान केला तर लागतो, पण कुठे लागतो ते दिसते. रांगेत पुढे घुसणाऱ्यावर आवाज चढतो, पण आतला कोणता सरदार दुखावला तेही कळते.

दोन खड्डे मात्र चुकवावे लागतात. एक, ‘सर्व मिथ्या आहे’ असे म्हणून घरच्या जबाबदारीतून अंग काढून घेण्याचा. ज्याच्या घरी आजारी माणूस आहे, त्याला औषध वेळेवर देणे हेच त्या वेळचे ज्ञान. दुसरा खड्डा अधिक फसवा: साधक म्हणून मिरवण्याचा. अमक्या महाराजांचा अनुग्रह, इतकी वर्षे ध्यान, हीही एक नवी सनद होते, आणि जुन्या सनदांपेक्षा ती सोडणे कठीण. सोहिरोबांपुढे महादजींनी ठेवलेली कविता भक्तीचीच होती, हे विसरू नये.

सोहिरोबानाथ ग्वाल्हेरहून उज्जैनला गेले. १७९२ साली तिथून ते निघून गेले आणि पुन्हा कोणाला दिसले नाहीत, असे परंपरा सांगते. त्यांनी खतावणीत स्वतःच्या नावावर काही बाकी ठेवली नाही. आपल्याला एवढे साधणार नाही, आणि साधलेच पाहिजे असेही नाही. मुलानातवंडांच्या हवाली आपापली पत्र्याची पेटी करायची वेळ आपल्या पिढीवर आली आहे. ती रिकामी करू नये, पगडी कोणाची ते त्यांना अवश्य सांगावे. पगडी उतरवून ठेवल्यावरही डोके आपल्या जागी राहते, ही गोष्टही त्याच बैठकीत सांगून टाकावी; कारण त्यांच्या आयुष्यात पगड्या आपल्याहून पुष्कळ वेळा बदलणार आहेत.